राईच्या गवतातल्या मुनिया

चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर बनावट नोटांचा छापखानाही पाहिला. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. कुठल्या आरोपीने कुठल्या ठाण्यात काय सांगितलं, हे आठवायला डोकं खाजवावं लागतं. मुनियांचं प्रकरण मात्र पहिल्या सोमवारपासून शेवटच्या सहीपर्यंत आजही जसंच्या तसं आठवतं. त्या एका तपासात मी जबाब घेतले आणि दिलाही. नावं कुणाची घेणार नाही. ती माणसं इथेच राहतात आणि बाजारात भाजी घेताना समोरासमोर येतात.

भाईंदर पश्चिमेतलं एक पोलीस ठाणे ही माझी शेवटची नेमणूक. आमची हद्द मोठी गमतीची होती. एका टोकाला बाजार, सोसायट्या, रिक्षांची रांग आणि पार्किंगवरून होणारी भांडणं. दुसऱ्या टोकाला राई गाव, त्याच्या मागे मिठागरं आणि खाडी. बाजाराच्या बाजूने दिवसाला वीस तक्रारी येत. राईच्या बाजूने महिन्यात एखादी आली तरी ठाणे अंमलदार पेन शोधायला लागायचा.

अपवाद एकच. राईच्या मागची तक्रार घेऊन दर सोमवारी सकाळी एक बाई यायच्या. वय साठीच्या पुढचं, सरकारी नोकरीतून निवृत्त, गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून इकडे सोसायटीत राहायला आलेल्या. डोक्यावर कापडी टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात अर्जांची फाइल. दर रविवारी आठ-दहा माणसं जमवून त्या पक्षी बघायला जायच्या. पडीक मिठागराच्या कडेला माणूसभर उंचीचं गवत वाढलं होतं. तिथे भराव टाकायला परवानगी द्या, असा अर्ज एका बिल्डर पार्टीने केला होता. ते गवत वाचलं पाहिजे, ही बाईंची मोहीम. सोसायट्यांमधून सह्या, गणपतीच्या मंडपात पत्रकं, प्रत्येक खात्याला अर्ज. ठाण्यात त्यांना ‘चिमणीवाल्या मॅडम’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं. कावळा, कबुतर, चिमणी आणि चौथी कोंबडी, एवढ्यावर माझं ज्ञान संपायचं. तरी हिवाळ्यात त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाला मी प्रमुख पाहुणा म्हणून गेलो होतो. सोसायटीच्या बागेत खुर्च्या मांडलेल्या, समोर टेबलावर पिंजरे, आणि पिंजऱ्यांत दुकानातून सोडवून आणलेल्या छोट्या मुनिया. पुण्य म्हणून पक्षी सोडायची रीत आमच्या शहरात पुष्कळ घरांत आहे. बाईंनी तिला मोहिमेचं रूप दिलं होतं. मी पिंजऱ्याचं दार उघडलं, पक्षी भुर्रकन उडाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पोलिसाच्या हातून दार उघडून कुणी बाहेर जातंय, असं रोज होत नाही. बाईंनी तो फोटो फ्रेम करून आणून दिला आणि हवालदाराने तो माझ्या केबिनमध्ये खुर्चीमागच्या भिंतीला लावला.

एका सोमवारी बाई आल्या त्या बसल्याच नाहीत. पिशवीतून काळ्या, केसासारख्या बारीक दोऱ्याचा गुंता काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

“साहेब, हे गवतात मिळालं. दोन बांबूंना अडकलेलं होतं. कुणीतरी जाळी लावून पक्षी धरतंय.”

मी तो तुकडा उजेडात धरला. बाजूने बघितला तर दिसायचा, समोर धरला की नाहीसा व्हायचा.

“तक्रार लिहून घेतो. संशय कुणावर?”

“कुणावर नाही. पण साहेब, आधी माझं ऐका.” आता त्या बसल्या. “पुढच्या महिन्यात भरावाच्या अर्जावर सुनावणी आहे. समोरच्यांनी अहवाल दिलाय की त्या जागेत पक्ष्यांचा वावरच नाही. आणि मुळात खोटं तरी कसं म्हणू? चार रविवार आम्ही जातोय. गेल्या वर्षी थवेच्या थवे होते. आता पाच-दहा दिसतात. सुनावणीत मी काय दाखवू? रिकामं गवत?”

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला. इतक्या सोमवारांत बाईंचा आवाज असा बसलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली आणि बीटच्या हवालदाराला बोलावलं.

हा हवालदार कोकणातला, पोट थोडं सुटलेला, पण नजर तेज. साध्या वेशात जा म्हटलं की बरेच पोलीस शर्ट बदलतात आणि पायात तेच तपकिरी बूट ठेवतात. लोक ओळखतात ते बुटांवरून. हा गडी चपला घालून, हातात मासळीची पिशवी घेऊन राईत दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “साहेब, माणूस गावातलाच आहे. म्हातारा आहे. पहाटे उठून जातो. आणि लपून वगैरे काही जात नाही, चहाच्या टपरीवर सगळ्यांना राम राम करून जातो.”

ही गोष्ट मला विचित्र वाटली. लपतछपत जाणारा माणूस मी समजू शकतो.

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला आम्ही पाच जण गवतात उभे होतो. मी, हवालदार आणि एक शिपाई; चौथे आणि पाचवे पंच होते म्हणा हवं तर, कारण फिरायला निघालेल्या दोन गृहस्थांना आम्ही पंच म्हणून वाटेतून उचललं होतं आणि ते गवताच्या कडेला उभे राहून एकमेकांना विचारत होते की यात कोर्टात जावं लागेल का. समोर दोन बांबू दिसत होते, मधलं जाळं दिसत नव्हतं. पायथ्याशी टीचभर पिंजऱ्यात एक मुनिया होती आणि ती बारीक आवाजात बोलत होती. थोड्या वेळाने वीसेक मुनियांचा थवा तिच्या आवाजावर खाली उतरला आणि हवेतच जागच्या जागी थबकला. जादू असावी तसं ते दृश्य होतं. मग गवत बाजूला करून म्हातारा पुढे आला.

त्याला पकडायला मी पाऊल उचललं, तर तोच ओरडला, “थांबा सायब! पाय नका टाकू, खाली जाल्यान पाखरू हाय!”

मी थांबलो. हसू नका, खरंच थांबलो. त्याने वाकून माझ्या बुटाशी अडकलेली मुनिया दोन बोटांत धरली, आधी तिचे पाय, मग पंख, मग मान सोडवली आणि टोपलीत ठेवली. बाकीच्यांनाही त्याने तसंच काढलं. एक सुगरण पक्षी अडकला होता, तो त्याने तिथेच उडवून दिला. आम्ही पाच जण उभे राहून बघत होतो. पळायचा विचार त्याच्या मनात आला असावा असं मला क्षणभरही वाटलं नाही.

“नाव लिवा,” तो म्हणाला. “पलून कुठं जानार? घर हितंच हाय.”

पंचनामा झाला. जाळं, बांबू, टोपली हा मुद्देमाल ठीक. पण त्या वीसेक जिवंत मुनिया? मुद्देमाल कारकून टोपलीकडे बघत म्हणाला, “साहेब, ह्यांना सील कसं मारू?” वन खात्याला फोन केला. वन्यजीवांचा गुन्हा असल्याने पुढची कारवाई त्यांची; त्यांची गाडी दुपारपर्यंत येणार होती. तोवर टोपली कारकुनाच्या टेबलावर राहिली. त्याने वाण्याकडून राळे आणवले, वाटीत पाणी ठेवलं आणि पंखा बंद करून घामाने निथळत बसून राहिला.

म्हाताऱ्याला मी केबिनमध्ये बसवलं. चौकशीला बसलेल्या माणसाला मी आधी चहा देतो. पेला हातात आला की हातांना काम मिळतं आणि तोंड मोकळं होतं. त्याच्या वयाकडे बघून मी अहो-जाहोच केलं.

“हे धरायचं कुठे शिकलात?”

“बापाकडं. आमचा भात व्हता तवा.” त्याने हाताने राईची दिशा दाखवली. “आता तिथं बिल्डिंगी झाल्या. भात पिकला का ही पाखरा लय याची. मारली तं आमची आजी घरान घ्यायची न्हाय. मंग बाप जाला लावून धरायचा आन होरीनं खाडीच्या पल्याड नेऊन सोडायचा. जिवंत पाखरू धराचा, पिसाला धक्का न्हाय लागला पायजे, ही आमच्या घरची शिकवन.”

मला ते ऐकायला आवडत होतं, हे कबूल करतो. पीक राखायचं आणि पाखरूही मारायचं नाही, म्हणून त्याला होडीत घालून पैलतीरी नेणारा शेतकरी! मी आणखी दोन प्रश्न उगाच विचारले. जाळ्याचं भोक केवढं, पक्षी सकाळीच का उतरतात. तो नीट समजावून सांगत होता. मग मी मूळ विषयावर आलो.

“आता भात नाही. मग धरता कशाला? कुणाला देता?”

तो माझ्या डोक्यावरून वर बघायला लागला.

चौकशीत नजर वर गेली की माणूस आठवत नसतो, रचत असतो, असा माझा अनुभव. मी प्रश्न पुन्हा विचारला. त्याने पुन्हा वर पाहिलं. मागे भिंतीवर घड्याळ आहे, वेळ काढतोय, असं मला वाटलं. मी आवाज चढवला. दोनदा टेबलावर हात आपटला. म्हातारा घाबरला नाही, पण गोंधळला. शेवटी त्याने चहाचा पेला खाली ठेवला.

“सायब, तुमी मना ह्या का इचारता, त्याच मना समजत न्हाय. तुमीच तं सोडलीव.”

“काय सोडलं?”

“पाखरा. ता फोटू हाय ना तुमच्या मागं. ती मीच धरलेली.”

मी मागे वळून पाहिलं. घड्याळाच्या शेजारी मी होतो, गणवेशात, हसत, पिंजऱ्याच्या दारावर हात ठेवून.

तो बोलत राहिला. “तो दुकानवाला सांगतो, काका, मॅडमचा प्रोग्राम हाय, चार दिवसांनी पायजेत. मी देतो. ती मानसं सोडतात. आमचा बाप सोडायचा, तसाच तुमी सोडता. पोलिसाचा सायब सोडतो म्हंजे कायद्याचाच काम, असा मी समजत व्हतो.”

आयुष्यात हजारो माणसांची चौकशी केली. त्या खुर्चीत बसून उलट माझीच चौकशी झाली, ती एकदाच.

दुकानवाला बाजारातला. माशांच्या काचेच्या टाक्या, कबुतरांचे दाणे, पोपटांचे पिंजरे विकायचा. त्याला बोलावला तर दहा मिनिटांत मोकळा झाला. “साहेब, लोक पुण्यासाठी नेतात ना, सोडायलाच नेतात, कुणी खात थोडीच आहे! मॅडमला मी बोललो होतो की पंछी मुंबईच्या मार्केटमधून सोडवून आणतो. त्यांना बरं वाटतं. काकाचं नाव घेतलं असतं तर त्यांनी घेतले असते काय?”

“आणि सोडल्यावर?”

“उडून जातात. मग काका परत धरतो. सर्कल चालू असतं, साहेब.”

बाईंना मी फोनवर काही सांगितलं नाही, फक्त या म्हटलं. त्या जवळजवळ धावतच आल्या. “सापडला ना? कोण आहे?” मी त्यांना पाणी दिलं आणि जे होतं ते सरळ सांगितलं. वाईट बातमी सांगायची माझी पद्धत तीच आहे. गोल फिरून सांगितलं की माणूस मधल्या प्रत्येक वाक्याला नव्याने मरतो.

त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला त्या गृहस्थांना भेटायचंय.”

म्हातारा बाहेरच्या बाकावर होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “काका, दहा धरलीत तर किती जगतात?”

त्याने बोटं मोजल्यासारखं केलं. “जाल्यान न्हाय मरत, माजा हात हलका हाय. पन टोपलीन, दुकानान घाबरतात. धातली तीन-चार जातात, बाय.”

“आणि आम्ही सोडलेली?”

“थोडी परत गवतान येतात. बाकीची तुमच्या त्या बागंन बसतात दमून. कावलं बसलेलं असतात वर.”

बाई उठल्या आणि ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. पाठ आमच्याकडे होती. खांदे हलत होते. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि आम्ही दोघं आत गेलो. अशा वेळी माणसाला एकटं सोडणं हीच मदत असते.

थोड्या वेळाने त्या आत आल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी वाट काढून ठेवली होती. ती वाट काय होती, हे लपवत नाही. कायद्याने पक्षी धरणारा गुन्हेगार, विकणारा गुन्हेगार आणि विकत घेणाराही त्यातून सुटत नाही. बाईंचं नाव कागदावर आलं, तर सुनावणीत समोरचे ते झेंड्यासारखं फडकवणार, आणि मोहीम तिथेच संपणार. मी म्हटलं, “मॅडम, म्हाताऱ्याचा जबाब दुकानदारापर्यंत थांबवता येतो. दुकानदार म्हणेल, गिऱ्हाइकं अनोळखी होती. तुम्ही मूळ तक्रारदार आहात, तेवढ्याच राहा. ते गवत तरी वाचेल.”

“आणि तुमचा फोटो?” त्यांनी विचारलं.

“तो भिंतीवरून काढता येतो.”

त्या तशाच निघून गेल्या. दुपारी वन खात्याची गाडी आली. म्हातारा, दुकानवाला आणि टोपली त्यांच्या ताब्यात दिली. टोपली उचलली तेव्हा मुद्देमाल कारकुनाने राळ्याची पुडीही बरोबर दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर. मंगळवार होता, त्यांचा वार नव्हता. त्यांनी फाइलमधून स्वतःच्या हाताने लिहिलेले चार कागद काढले. कोणकोणत्या वर्षी कार्यक्रम झाला, पक्षी कोणत्या दुकानातून आणले, कुणी आणले, कुणी सोडले. अक्षर सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. रात्री चार वेळा तरी पुन्हा लिहून काढलं असणार.

“हा माझा जबाब. टाइप करून घ्या आणि वन खात्याला पाठवा. शब्द बदलू नका.”

“मॅडम, सुनावणी...”

“साहेब, त्या गवतातले पक्षी कमी झाले ते माझ्यामुळे. हे लपवून मी त्यांच्या बाजूने उभी राहू कशी? माझ्या घशातून आवाज निघणार नाही.” मग थांबून म्हणाल्या, “प्रमुख पाहुण्यांची नावं मी लिहिलेली नाहीत. ते ज्याचं त्याने बघावं.”

मला त्यांचा राग आला. आज सांगायला हरकत नाही, चांगलाच आला. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. निष्कलंक सेवा म्हणून वरिष्ठांनी कौतुक केलेलं. आणि या बाई चार कागद टेबलावर ठेवून माझ्यासमोर आरसा धरून निघून गेल्या होत्या. मी दिवसभर ठाण्यात प्रत्येकावर चिडचिड केली. संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही. “म्हणजे उद्या जाणार ना तुम्ही?” एवढंच म्हणाली.

गेलो. वन खात्याच्या कचेरीत माझ्या मुलाच्या वयाची एक अधिकारी होती. मला साहेब म्हणत होती, पण खुर्ची तिने टेबलाच्या अलीकडची दिली, जबाब देणाऱ्याची. तिचे प्रश्न नेमके होते.

“आपण पिंजरा उघडलात. पक्षी कुठून आणले, हे आयोजकांना विचारलं होतंत?”

चोरीचं मंगळसूत्र घेणाऱ्या सोनारापासून चोरीचे टायर घेणाऱ्या गॅरेजवाल्यापर्यंत, प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारत आलो होतो. आणि त्यातल्या प्रत्येकाने ‘विचारलं नाही, साहेब’ म्हटलं की मी मनात म्हणायचो, बनेल आहेस.

“विचारलं नाही,” मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं आणि मी खाली सही केली.

अपेक्षेप्रमाणे बातमी झाली. ‘पक्षी वाचवणारेच खरेदीदार’ अशा अर्थाचं काहीतरी एका स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. बाईंच्या रविवारच्या गटातले निम्मे लोक यायचे बंद झाले. सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी त्यांना हसून विचारलं, “काय मॅडम, या वर्षी कबुतरं का?” हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच हसू आलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

सुनावणीला मी साध्या कपड्यांत, सुट्टी टाकून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. माझं तिथे काही काम नव्हतं. पुढे काय होतंय हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. समोरच्या पार्टीचे वकील तयारीनिशी आले होते. त्यांनी बाईंच्या जबाबाची नक्कल मिळवली होती. ती हातात उंच धरून ते अधिकाऱ्यांना म्हणाले, “सर, ज्या बाई पर्यावरणाच्या नावाने आमच्या अशिलाला अडवतायत, त्या स्वतः वन्य पक्षी विकत घेतात. हा त्यांचा कबुलीजबाब. मी वाचतो.” आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, “मी पक्षी विकत घेतले, ही माझी चूक आहे.”

खोलीत कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. “हे तुमचं म्हणणं आहे?”

बाई उभ्या राहिल्या. “हो, माझंच आहे. वकीलसाहेब, पुढची ओळ पण वाचा ना.”

वकिलांनी कागदाकडे पाहिलं आणि ते थांबले.

“वाचा,” अधिकारी म्हणाले.

त्यांनी वाचलं, पण आवाज खाली आला होता. “हे सर्व पक्षी दरवर्षी राई गावामागच्या मिठागरालगतच्या गवतात धरलेले होते.”

अधिकाऱ्यांनी समोरची फाइल उघडली. “आपल्या अशिलाच्या अहवालात तर या जागेत पक्ष्यांचा वावर नाही, असं आहे.” त्यांनी पंचनामा मागवला, म्हाताऱ्याचा जबाब मागवला. कोणत्या महिन्यात किती थवे, कुठल्या कोपऱ्यात घरटी, हे त्या म्हाताऱ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याने सगळं सांगून ठेवलेलं होतं. सगळे सरकारी कागद, सह्यांनिशी. ते नाकारणं त्या वकिलांना शक्य नव्हतं, कारण त्यातला एक त्यांनी स्वतःच पुढे केला होता.

भरावाला त्या दिवशी परवानगी मिळाली नाही. वन खात्याचा माणूस बरोबर घेऊन वर्षभर पाहणी करा, तोवर जागेला हात लावू नका, असा आदेश झाला. मी हे लिहितोय तोवर ते गवत उभं आहे. पुढे काय होईल ते सांगता येत नाही.

सगळं छान झालं, असं मात्र म्हणणार नाही. बाईंना आणि मला साक्षीदार केलं, म्हाताऱ्याला आणि दुकानवाल्याला आरोपी. दोघांना जामीन मिळाला, खटला चालू आहे. मध्ये एकदा राईच्या नाक्यावर म्हातारा भेटला. मी हात केला, तर म्हणाला, “तुमी सुटलाव, सायब,” आणि पुढे चालायला लागला. पिसाला धक्का न लावणारे ते हात कोर्टाच्या तारखांना जोडलेले दिसतात, हे मला खुपतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं निवृत्त माणसाला लोक विचारतात. मी आयुष्यभर जबाब वाचले. प्रत्येक जबाबात माणूस स्वतःला थोडं बाजूला सरकवतो. कुणी इंचभर, कुणी मैलभर. सज्जनही सरकवतात, आणि मीही सरकायच्या बेतात होतो. ज्यासाठी एवढी धडपड केली ते गवतच हातचं जाईल हे दिसत असताना, जागेवरून तसूभरही न हललेला असा एकच जबाब मी पाहिला, बाईंचा. तो टाइप करताना आमच्या कारकुनाने एक शब्द बदलला नाही, आणि तो वन खात्याला पाठवताना वरच्या पत्रावर सही करण्याआधी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.